नळीखालून घातलेला पाय: भोर-वेल्ह्याच्या पोरांची पहिली सायकल

आजचा भाग एका मोडलेल्या सायकलपासून सुरू होतो.

गणपतीत मामाकडे गेलो होतो. मामाचं गाव वेल्हे तालुक्यात. म्हणजे आता राजगड तालुका म्हणायचं, २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतलाय, पण एसटीत कंडक्टरकडे सगळे अजून ‘एक वेल्हे’च मागतात. तर पोचलो, बघतो तर मामाचा धाकटा ओट्यावर बसलेला. वय अकरा, हनुवटीला चार टाके. शेजारी भिंतीला टेकवलेली त्याची सायकल, पुढचा फोर्क असा वाकलेला की चाक मागे येऊन फ्रेमला टेकलं होतं. साहेबांनी मोबाईलवर कुणीतरी सायकलवर भिंतीवरून भिंतीवर उड्या मारताना बघितलं होतं आणि देवळाच्या पारावरून सायकलसकट खाली उडी घेतली होती.

मला म्हणाला, “दादा, त्याची सायकल मोडत नाय. माझीच कशी मोडली?”

मामीचा प्रश्न वेगळा होता. “त्याला तसली खरी सायकल केवढ्याला येते रे? हा काय उड्या मारायचा थांबत नाय.”

मी पोट भरतो कोड लिहून. सायकलचा मेकॅनिक नाही. पण हे दोन प्रश्न डोक्यात राहिले, आणि शोधत गेलो तशी एक गोष्ट सापडत गेली. ती तुम्हाला सांगतो.

त्या व्हिडिओतल्या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात. यात वेग नाही, शर्यत नाही. दगड, ओंडके, भिंती, पायऱ्या यांवरून जायचं, पाय जमिनीला लावायचा नाही. टेकला की गुण गेले. हा खेळ आधी मोटरसायकलचा. स्कॉटलंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डोंगरात मोटरसायकलींची सहा-सहा दिवसांची परीक्षा व्हायची. तिथल्या गाड्या जड होत्या. १९६०च्या दशकात स्पेनमधल्या कंपन्यांनी हलक्या गाड्या बनवल्या, आणि बार्सिलोनाच्या माँटेसा कंपनीने १९६८ मध्ये ‘कोटा’ नावाची ट्रायल्सची मोटरसायकल आणली. तिच्या घडणीत पेरे पी नावाच्या माणसाचा मोठा हात होता.

आता गंमत बघा. पेरे पीला मुलगा होता, ओट, जन्म १९७०चा. बापाला वाटलं, पोराने हे शिकावं. पण पाच-सहा वर्षांचं पोर, त्याला मोटरसायकल कशी देणार? मग त्याने पोराच्या उंचीची, इंजिन नसलेली, पण ट्रायल्सच्या अंगाने बांधलेली सायकल केली. माँटेसाने ती ‘माँटेसिटा’ या नावाने विकायलाही काढली. खेळाला तिकडे नाव पडलं ‘ट्रायलसीन’. स्पॅनिशमध्ये ‘सीन’ म्हणजे ‘विना’. विना-मोटर ट्रायल. ओट पी पुढे या खेळात जगज्जेता झाला. १९८६ पासून जागतिक सायकल संघटना यूसीआयची अजिंक्यपद स्पर्धा होते. ऑलिंपिकमध्ये मात्र हा खेळ अजूनही नाही.

मला यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं: हा अख्खा खेळ सुरू झाला कारण कुणीतरी लहान मुलाच्या मापाची सायकल बांधली. मोठ्यांची सायकल छोटी करून रंगवली असं नाही. पोर ती कशी वापरणार हे आधी ठरवलं, मग नळ्या कापल्या.

हे मामाला सांगितलं तर तो हसला. “आरं, आम्ही काय आमच्या मापाच्या सायकलीवर शिकलो व्हय? आमचा पाय तर नळीखालून.”

मामा शाळेसाठी भोरला आत्याकडे राहायचा, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. राजवाड्याच्या अलीकडे एक भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तासाला पन्नास पैसे. दहा-बारा काळ्या सायकली, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले. घंटी नाही, लाइट नाही, स्टँड कधी असायचा, कधी नसायचा. दुकानदार ओळखीशिवाय सायकल द्यायचा नाही. “कुणाचा रे तू?” हा पहिला प्रश्न. मग वहीत नाव, नंबर, वेळ. आणि त्या दहा-बारा मोठ्या सायकलींत दोन बारक्या. त्या दोनसाठी रविवारी सकाळपासून नंबर. बारकी मिळाली नाही की मोठी घ्यायची आणि नळीखालून उजवा पाय पलीकडे घालून, अंग बाहेर काढून, अर्ध्या अर्ध्या पायडलने नीरेच्या पुलापर्यंत जायचं. हाफ पायडल. ते जमलं की नळीवरून. सगळ्यात शेवटी शिटावर, आणि तेव्हाही पाय खाली पोचायचे नाहीतच. त्यामुळे थांबायचं असेल तर आधी दगड शोधायचा. मामा एकदा दगड सापडेना म्हणून थेट एका टपरीवर जाऊन थांबला. टपरीवाल्याने वेगळं थांबवलं.

मी त्याला विचारलं, बारक्या सायकली दोनच का? त्याचं उत्तर, “कोण घेतंय बारकी? वर्षात पोरगं उंच होतं.” बरोबर आहे. पण पूर्ण बरोबर नाही, कारण याच्या मागे कारखान्यांचा इतिहास आहे.

स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडे सायकल म्हणजे विलायती: रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्याआधीच सुरू झालेला. त्यानंतर मद्रासला टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, आसनसोलला सेन-रॅले त्याच सुमारास, आणि १९५६ मध्ये लुधियानाला मुंजाल बंधूंची हिरो. १९८६ मध्ये हिरोचं नाव जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. म्हणजे मामा नळीखालून पाय घालत होता त्याच वर्षांत जगात सगळ्यात जास्त सायकली बनवणारी कंपनी आपल्या देशात तयार होत होती.

पण बनत काय होतं? बहुतांश एकच सायकल. काळी, बावीस नाहीतर चोवीस इंची फ्रेम, अठ्ठावीसचं चाक, सळईचे ब्रेक, मागे कॅरियर. वजन वीस किलोच्या घरात. ही दूधवाल्याची, पोस्टमनची, गिरणी कामगाराची सायकल. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून डेअरीवर जाणारा माणूस हे तिचं खरं गिऱ्हाईक. त्या कामाला ती अफाट चांगली आहे, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण तिच्या फ्रेमच्या आखणीत पोर कुठेच नव्हतं. पोराला परवडणारी, पूर्ण जोडलेली, लगेच चालवता येणारी सायकल हा प्रश्न कारखान्याने सोडवलाच नाही. तो सोडवला भाड्याच्या दुकानाने. एक सायकल, पन्नास पोरं, पन्नास पैसे. एक पोर उंच झालं तरी खाली दुसरं तयार असतंच, त्यामुळे ‘वर्षात कमी पडेल’ हे गणित तिथे लागूच होत नाही. मला हा मॉडेल म्हणून फार हुशार प्रकार वाटतो. २०१७च्या डिसेंबरात पुण्यात ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा आमच्या ऑफिसात जणू नवा शोध लागल्यासारखी चर्चा होती. त्या दोन-तीन वर्षांत गायबही झाल्या. त्यात बारकी सायकल नव्हती, आणि “कुणाचा रे तू?” विचारणारंही कोणी नव्हतं.

मग भोरातलं ते दुकान कुठे गेलं? मामा म्हणतो, हळूहळू सायकली विकून त्याने पंक्चर आणि हवा एवढंच ठेवलं, नंतर मुलाने मोबाईल रिचार्जचं दुकान टाकलं. घरोघरी मोटरसायकल आली. आणि सायकल विकत घेणं सोपं झालं. नव्वदच्या दशकात ‘रेंजर’ आली. हे खरं हिरोच्या एका मॉडेलचं नाव, पण आमच्याकडे सरळ हँडल आणि जाड टायरच्या कुठल्याही सायकलला रेंजरच म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. आता पोराला स्वतःची सायकल मिळायला लागली. रंगीत, पुढे शॉकअप, कधी मागेही शॉकअप.

आणि इथेच माझ्या मामेभावाचा फोर्क मोडतो. त्याची सायकल दिसते डोंगरावरची, बांधलीय शाळेत जायला. स्वस्त सायकलचा तो शॉकअप म्हणजे बऱ्याचदा पातळ नळ्यांत एक स्प्रिंग. खड्ड्यासाठी ठीक आहे. तीन फुटांवरून अंगासकट उडी घेतली की सगळा भार पुढच्या फोर्कच्या मानेवर येतो आणि ती मान तेवढ्यासाठी केलेलीच नसते. यात दुकानदाराची फसवणूक नाही, पोराचीही चूक नाही. व्हिडिओतल्या सायकलचा आणि याच्या सायकलचा आकार लांबून सारखा दिसतो, एवढंच.

फरक किती आहे हे मी वहीवर मांडून दाखवलं त्याला. मामाच्या काळच्या काळ्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८. भागिले तर पायडलच्या एका फेरीत चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सव्वीस इंची ट्रायल्स सायकलला पुढे २२, मागे १८ असतात. एका फेरीत जेमतेम अडीच मीटर. म्हणजे ती पळवायची नाहीच, झटका देऊन जागेवर उचलायची. सीट नसते किंवा नावाला असते, कारण बसायचंच नाही. फ्रेमची वरची नळी इतकी खाली की नळीखालून पाय घालायचा प्रश्नच येत नाही. फोर्क सरळ आणि कडक, शॉकअप नाही. ब्रेकची पकड इतकी लागते की काही जण रिमच ग्राइंडरने घासून खरखरीत करतात. हे ऐकून मामा म्हणाला, “सीट नाय, शॉकअप नाय, गिअर नाय, आणि महाग?”

हो, महाग. तुम्ही डॅनी मॅकॅस्किलचं नाव ऐकलं असेल. स्कॉटलंडचा, एडिनबर्गमध्ये सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. एप्रिल २००९ मध्ये त्याच्या मित्राने शूट केलेला साडेपाच मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर आला. त्यात तो टोकदार रेलिंगच्या कुंपणावरून सायकल चालवतो. तिथून जगभरातल्या पोरांना हा खेळ कळला. त्यामुळे परदेशात नवशिक्यांसाठी आणि लहानांसाठी पूर्ण जोडलेल्या सायकली मिळायला लागल्या, वीस इंची, चोवीस इंची. पण ‘स्वस्त’ म्हणजे तिकडचं स्वस्त. सुरुवातीचीच साधारण चारशे-पाचशे पाउंडांच्या आसपास, म्हणजे पन्नास हजारांच्या घरात, वर वाहतूक आणि आयात शुल्क. मामीला आकडा सांगितला तर तिने शांतपणे विचारलं, “म्हशीला केवढे लागतात माहितीये ना?”

वाईट याचं वाटतं की जागा आपल्याकडे आहे. ओढ्यातले गोटे, कातळ, बांध, पडक्या भिंती. माँटेसिटावरच्या पोरांना बार्सिलोनाभोवती जे मिळत होतं ते वेल्ह्यात घरामागे आहे. (गडावर मात्र कुणी सायकल घेऊन जाऊ नका, प्लीज. राजगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलाय आणि त्या पायऱ्या आधीच झिजल्यात.)

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. मोडलेला फोर्क वेल्डिंग करून घेऊ असं मामा म्हणत होता. त्याला मी हात जोडून नाही म्हणालो, वेल्ड केलेला फोर्क पुढच्या उडीत दातांसकट जाईल. पुण्यात शोधून एक जुनी वीस इंची बीएमएक्स घेतली. सरळ कडक फोर्क, एकच गिअर, माझ्या एका बऱ्या हॉटेल-बिलाच्या किमतीत. ट्रायल्सची नाही ती. पण मागचं चक्र बदलून मोठं टाकलं, सीट पार खाली दाबली, हेल्मेट घेतलं. मामाची पहिली प्रतिक्रिया, “ही तर बारकी. पुढच्या वर्षी कमी पडंल.” मी त्याला मोबाईलवर वीस इंचीवर स्पर्धा खेळणारे पंचवीस वर्षांचे बाप्ये दाखवले. बराच वेळ बघत बसला.

पहिला महिना उड्या बंद, अशी अट घातली. फक्त पाय न टेकता जागेवर उभं राहायचं. पहिल्या दिवशी दोन सेकंद. परवा मामीचा फोन आला, आता नऊपर्यंत पोचलाय. आणि वाडीतली सात पोरं संध्याकाळी ओट्यासमोर येऊन बसतात, प्रत्येकाला पाच मिनिटं. भांडणं व्हायला लागली म्हणून मामीने त्याच्या जुन्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर नावं आणि वेळ लिहायला सुरुवात केलीय.