बर्जर चौकशी आयोग
(१९७४–७७). कॅनडाच्या वायव्य भागातील मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून नैसर्गिक वायुवाहिनी टाकण्याच्या योजनेचे सामाजिक, आर्थिक व पर्यावरणीय परिणाम तपासण्यासाठी नेमलेला आयोग. न्यायमूर्ती टॉमस बर्जर यांनी ३५ वस्त्यांत जाऊन सुमारे १,००० जणांच्या साक्षी ऐकल्या. डेने, इन्युइट व मेटी या मूलनिवासी लोकांनी शिकार, मासेमारी आणि जमिनीवरील आपला हक्क यांविषयी निवेदने केली. तज्ज्ञांच्या साहाय्याने बाजू मांडता यावी म्हणून त्यांच्या संघटनांना सरकारी निधी मिळाला. १९७७ च्या अहवालाने उत्तर यूकॉनमधून वाहिनी नेण्यास विरोध केला आणि मूलनिवासींचे जमीनहक्क निकाली निघेपर्यंत खोऱ्यातील काम १० वर्षे स्थगित ठेवण्याची शिफारस केली. विकासाची दिशा ठरवताना प्रथम स्थानिक रहिवाशांचे ऐकावे, हा या आयोगाचा मोलाचा धडा होय.