हात बसतो तेव्हा : सराव आणि विसावा यांचा एक इतिहास

१९९० च्या दशकात तालुक्याच्या गावी बारावीची परीक्षा आटोपली की मुलांना टायपिंगच्या क्लासला घालण्याची पद्धत होती. आम्हां दोघांपैकी एकाची ती सुट्टी अशीच गेली. लांबट खोलीत बारा-पंधरा यंत्रे, त्यांचा एकत्रित खडखडाट, आणि डाव्या हाताने ‘ए एस डी एफ जी एफ’ असे पानामागून पान उमटवणे. मिनिटाला ३० शब्दांची सरकारी परीक्षा जवळ आली तेव्हा रोज दोन तास बसू द्यावे अशी विनंती त्याने सरांना केली. सरांनी साफ नकार दिला. ‘एकच तास. उद्या ये. हात आपोआप बसेल.’

नकाराचे खरे कारण सर्वांना ठाऊक होते. बॅचेस एकेका तासाच्या असत आणि यंत्रे मोजकीच. तथापि एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली होती. शनिवारी जिथे बोटे हटकून अडखळत, तिथे रविवारची सुट्टी मध्ये गेल्यावर सोमवारी ती सहज पुढे जात. रविवारी तर यंत्राला हातही लावलेला नसे. मग हात बसला तो नेमका केव्हा?

आपल्या भाषेने या प्रश्नाकडे फार पूर्वीच बोट दाखवून ठेवले आहे. कसब अंगी आले की ‘हात बसला’ असे आपण म्हणतो, आणि जाणत्या कलावंताला ‘मुरलेला’ हे विशेषण लावतो. बसणे आणि मुरणे या दोन्ही क्रिया कर्त्याने हात काढून घेतल्यावर घडतात. लोणचे घातल्यानंतर बरणी ढवळत बसणाऱ्याचे लोणचे मुरत नाही. परंतु भाषेतील रूपक म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा शोधण्याचा इतिहास सुमारे १४० वर्षांचा आहे. आम्ही मानसशास्त्राचे अभ्यासक नाही, मराठीचे अध्यापक आहोत. तरीही हा इतिहास आम्हांला का वाचावासा वाटला, हे लेखाच्या शेवटी येईलच.

या इतिहासाचा आरंभ हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानापासून करणे सोयीचे आहे. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरगट तयार केले आणि प्रयोगासाठी एकच माणूस निवडला, तो म्हणजे स्वतः. वर्षानुवर्षे तो अक्षरांच्या माळा पाठ करीत राहिला आणि १८८५ मध्ये त्याने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. विस्मरणाचा त्याचा आलेख सर्वांना ठाऊक असतो. आमचे लक्ष मात्र त्याच ग्रंथातील दुसऱ्या एका नोंदीने वेधले. बारा अक्षरगटांची माळ एकाच दिवशी ६८ वेळा घोकल्याने दुसऱ्या दिवशी जेवढा लाभ दिसतो, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी मिळतो. घोकंपट्टीचे हे पहिले शास्त्रशुद्ध लेखापरीक्षण म्हणावे लागेल, आणि त्यातच घोकणाऱ्याचे जवळजवळ निम्मे श्रम वाया जात असल्याचे निघाले.

असे का व्हावे, याचे एक उत्तर १९०० मध्ये ग्योटिंगेन येथून आले. गेओर्ग एलियास म्युलर आणि आल्फोन्स पिल्झेकर यांच्या प्रयोगातील माणसे एक तक्रार करीत असत, की पाठ केलेली अक्षरे मधल्या वेळात, आठवण्याची इच्छा नसतानाही, मनात घोळत राहतात. या दोघांनी ती तक्रार गांभीर्याने घेतली. एक माळ पाठ झाल्यावर लगेच दुसरी दिली तर पहिलीची आठवण ढासळते, आणि मध्ये काही वेळ जाऊ दिला तर हानी कमी होते, असे त्यांना आढळले. यावरून शिकलेली गोष्ट शिकण्याच्या क्षणीच पक्की होत नसून पुढे काही काळ पक्की ‘होत राहते’, असे त्यांनी प्रतिपादन केले. या क्रियेला त्यांनी दिलेले नाव मराठीत ‘दृढीकरण’ असे सांगता येईल. मधला रिकामा वेळ रिकामा नसतो, ही कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे मांडली गेली.

त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर हे तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढीत होते. १८९७ आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत तार ग्रहण करण्याच्या कौशल्याचा आलेख काही काळ चढतो, मग दीर्घकाळ सपाट राहतो आणि नंतर पुन्हा चढू लागतो. सपाटीच्या काळात सुटी अक्षरे ओळखण्याची सवय मुरून तिची जागा अख्खे शब्द ओळखण्याची सवय घेत असते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या संशोधकांना ही सपाटी सर्वत्र आढळली नाही. परंतु बाहेरून थांबलेला दिसणारा विद्यार्थी आतून थांबलेला असेलच असे नाही, ही शंका शिक्षणशास्त्रात कायमची शिरली.

झोपेचा प्रवेश या कथेत उशिरा झाला आणि तोही दुय्यम पात्र म्हणून. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून अक्षरगट पाठ करून घेतले आणि काही तास झोपल्यानंतर व तितकेच तास जागे राहिल्यानंतर काय उरते ते पाहिले. झोपेनंतर अधिक उरत असे. मात्र त्यांनी लावलेला अर्थ सावध होता. झोप काही करते असे नव्हे, तर झोपेत नवे काही घडत नसल्यामुळे जुने पुसले जात नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. झोप म्हणजे केवळ बंद दार, ही समजूत पुढे बराच काळ टिकली.

येथवरचे बहुतेक प्रयोग शब्दांच्या पाठांतराचे होते. हाताचे कसब ही वेगळीच गोष्ट आहे, याची साक्ष एका दुर्दैवी माणसाने दिली. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्माराच्या उपचारार्थ शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची शक्ती नाहीशी झाली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून तारा रेखाटण्याचे काम तीन दिवस दिले. आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला दाद नव्हती, पण हात मात्र दिवसेंदिवस सुधारत गेला. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने, आठवणे एक आणि हात बसणे दुसरे, असा भेद मानसशास्त्रात रुजवला.

आता आमच्या टायपिंगच्या क्लासकडे येण्यास हरकत नाही. ब्रिटनच्या डाक खात्याला आपल्या कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवायचा होता. अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले. एक गट रोज एक तास शिकला. दुसरा रोज एकेका तासाच्या दोन बैठकी, तिसरा दोन तासांची एक बैठक, तर चौथा दोन-दोन तासांच्या दोन बैठकी करीत असे. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रोज एक तास बसणाऱ्यांनी सुमारे ५५ तासांत जे साधले, त्यासाठी रोज चार तास बसणाऱ्यांना सुमारे ८० तास लागले. तथापि सर्वांत कमी तासांत शिकणारा गटच आपल्या शिक्षणावर सर्वांत नाखूश होता! दिवस मोजले तर शेजारचे पुढे गेलेले दिसत होते, आणि माणूस दिवस मोजतो. आमच्या सरांनी यंत्रांच्या टंचाईपोटी जे केले ते योग्यच होते, आणि आमचे नाराज होणेही, म्हणायचे तर, प्रयोगसिद्धच होते.

१९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींची नोंद घेतली, तेव्हा जागेपणी फिरताना एकत्र सक्रिय झालेल्या पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र सक्रिय होताना दिसल्या. बंद दाराआड हालचाल होती. २००२ मध्ये हार्वर्ड येथे मॅथ्यू वॉकर, रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी बोटांनी आकड्यांचा एक क्रम दाबण्याचे काम लोकांना दिले. रात्रीच्या झोपेनंतर त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि दिवसभर जागे राहणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने हाच प्रश्न सेकंदांवर आणला. दहा सेकंद सराव, दहा सेकंद विसावा, असा क्रम ठेवला असता आरंभीची जवळजवळ सगळी सुधारणा सरावाच्या सेकंदांत न होता विसाव्याच्या सेकंदांत होताना दिसली. २०२१ मध्ये त्याच गटाने सांगितले, की त्या विसाव्यात मेंदू तोच क्रम सुमारे वीसपट वेगाने पुन्हा पुन्हा घोकत असतो, आणि या घोकण्यात हिप्पोकॅम्पसचाही सहभाग असतो. मोलेसनच्या उदाहरणामुळे ज्या अवयवाला हाताच्या कसबातून वगळले होते, तो असा मागच्या दाराने परत आला.

कथा येथे संपवणे सोपे होते, आणि वृत्तपत्रांनी ती पुष्कळदा येथेच संपवली. पण इतिहास लिहू पाहणाऱ्याने पुढचे पानही उलटले पाहिजे. क्लार्क हल याने १९४३ मध्येच असे मांडले होते, की सराव करता करता करणाऱ्यात एक प्रकारचा अवरोध साचतो आणि विसाव्यात तो ओसरतो. मग विसाव्यानंतर दिसणारी झेप ही नवे शिकणे कशावरून? केवळ मरगळ गेल्याची खूण कशावरून नव्हे? टिमोथी रिकार्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये झोपेच्या लाभाविषयी आणि २०२२ मध्ये सेकंदांच्या विसाव्याविषयी नेमका हाच आक्षेप घेतला. २०२४ मध्ये जर्मनी आणि कॅनडातील संशोधकांनी त्याहून नेमकी कसोटी लावली. सराव चालू असताना मध्ये थांबणारे न थांबणाऱ्यांहून सरस दिसले, पण नंतर दोघांची समान परिस्थितीत परीक्षा घेतली तेव्हा ते श्रेष्ठत्व उरले नाही. इतकेच नव्हे, तर जो क्रम पुन्हा येणारच नाही, म्हणजे जो शिकणे शक्यच नाही, त्यातही विसाव्यानंतर तशीच झेप दिसली.

याचा अर्थ विसाव्याचे महत्त्व खोटे ठरले असा नाही. दिवसांच्या अंतराने विभागलेल्या अभ्यासाचा लाभ भक्कम आहे. शब्दांच्या स्मरणाविषयीच्या ३१७ प्रयोगांचा २००६ मधील आढावा त्याची ग्वाही देतो. डळमळीत झाली ती दहा सेकंदांच्या चमत्काराची गोष्ट. आणि तिच्यामुळे एक जुना भेद पुन्हा ठळक झाला, की करून दाखवणे आणि शिकलेले असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. सोमवारी आमच्या बोटांना जे साधले, त्यात मुरणे किती आणि निव्वळ ताजेपणा किती, हे सोमवारच्या कागदावरून सांगता येत नाही.

असा विषय निघाला की ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते’ असे म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. आमच्या स्टाफरूममध्येही तो भेटला आणि त्याने ‘अनध्याया’चा दाखला दिला. वेदाध्ययनाच्या परंपरेत अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना अध्ययन वर्ज्य आहे हे खरे. परंतु मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायाची जी कारणे येतात, त्यांत मेघगर्जना आहे, धुळीचे वादळ आहे. तेथे विचार पावित्र्याचा आहे, स्मृतीच्या दृढीकरणाचा नव्हे. शिष्यांना त्या सुट्ट्यांचा लाभ झालाही असेल, जसा आम्हांला यंत्रांच्या टंचाईचा झाला. पण लाभ होणे निराळे आणि लाभाचे कारण जाणणे निराळे.

आता आमच्याविषयी. पदवीच्या वर्गाला आम्ही वृत्ते शिकवतो. लघु-गुरू ओळखणे, गण पाडणे आणि ओळ कानाला लागताच वृत्त सांगणे हे ज्ञानापेक्षा कसबच अधिक. सत्रपद्धतीत वेळ पुरत नाही, म्हणून गेली काही वर्षे आम्ही हा भाग सत्राच्या अखेरीस जादा तास घेऊन, दोन दिवसांत सलग उरकीत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अवघा वर्ग धडाधड गण पाडू लागे आणि आम्ही समाधानाने खडू खाली ठेवीत असू. पंधरा दिवसांनी उत्तरपत्रिकांत त्याचा मागमूसही नसे. मग ‘मुले मेहनत घेत नाहीत’ असा शेरा आम्ही अहवालात लिहीत असू. हा इतिहास वाचल्यावर त्या शेऱ्याची आम्हांला लाज वाटली. वर्गात पाहिलेल्या करून दाखवण्यालाच आम्ही शिकणे समजत होतो. मेहनत त्यांनी घेतली होती, ती मुरायला आम्ही दिवस दिले नव्हते.

यंदा आम्ही वृत्ते सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सुरू केली. आठवड्यातून दोनदा, तासाच्या आरंभी पंधरा मिनिटे, अधिक नाही. मुले कुरकुरतात. ‘सर, थोडेसेच होते, पुढे सरकल्यासारखे वाटत नाही,’ असे परवा एका विद्यार्थिनीने सांगितले. तिला आम्ही ब्रिटनमधील डाक कर्मचाऱ्यांची गोष्ट सांगितली. तिचे समाधान झाले असे दिसले नाही. उत्तरपत्रिका यायला अजून दोन महिने आहेत. या वेळी शेरा लिहिण्यापूर्वी आम्ही थांबणार आहोत.