परराज्यातली जुनी स्पोर्ट्स कार घेताय? भाव ‘दारातल्या किमती’वर ठरवा

मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात चांगल्या अवस्थेतली जुनी स्पोर्ट्स कार दिसते, मालक सांगतो तो भावही परवडणारा वाटतो. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातले बरेच हौशी तिथंच हो म्हणून मोकळे होतात. खरा खर्च कळतो तो गाडी केए-२२ किंवा केए-२३ पासिंगला लावताना. म्हणून घासाघीस करायची ती मालकाच्या आकड्यावर नव्हे. गाडी आपल्या दारात, आपल्या नावावर उभी राहीपर्यंत जो खर्च होतो, त्यावर करायची.

थेट परदेशातून का नाही?

आपल्याकडची बरीच मंडळी आखातात आहेत. दुबईत स्पोर्ट्स कार स्वस्त मिळते, हे खरं. पण तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. जुनी गाडी भारतात आणायचा सर्वसाधारण नियम असा: स्टिअरिंग उजवीकडे हवं, गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, आणि ती उतरवायची मुंबई बंदरातच. पाठवण्याआधी तिकडचं तपासणी प्रमाणपत्र लागतं आणि इथं आल्यावर पुन्हा चाचणी.

त्यावर शुल्क. गाडीची किंमत, विमा आणि जहाजभाडं यांच्या बेरजेवर सीमाशुल्क आणि त्याला जोडलेले आकार मिळून सव्वापटीहून जास्त होतात. मग या सगळ्यावर जीएसटी. परदेशात २५ लाखांना पडलेली गाडी बंदराबाहेर येईपर्यंत ७५ लाखांच्या वर जाते. त्यामुळे आपल्यासाठी व्यवहाराचा मार्ग एकच: कोणीतरी आधीच आणलेली किंवा कंपनीनं इथं विकलेली गाडी दुसऱ्या राज्यातून घेणं.

आयात गाडीचा जुना हिशेब

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये निकाल दिलेलं एक प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. २००२ मध्ये केरळच्या बाजूनं आयात झालेली एक पोर्श कॅरेरा पुढं हात बदलत तिसऱ्याकडे गेली. आयातीच्या वेळी माहिती खोटी दिल्याचा ठपका ठेवून कस्टम्सनं सुमारे १८ लाखांचं शुल्क मागितलं ते या शेवटच्या खरेदीदाराकडे. तो आयातदार नाही, म्हणून शुल्क त्याच्यावर लादता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. निकाल बाजूनं लागला, पण तोवर कित्येक वर्षं कोर्टात गेली.

सप्टेंबर २०२५ मध्ये केरळातच भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर कस्टम्सनं धाडी घातल्या. तिथंही गाड्या सापडल्या त्या आजच्या मालकांच्या दारात.

म्हणून आयात गाडी असेल तर मालकाकडे ‘बिल ऑफ एन्ट्री’ आणि शुल्क भरल्याची पावती मागा. त्यावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. ‘आरसी आहे ना, मग झालं’ हे उत्तर चालणार नाही. वकिलातीच्या नावावर शुल्कमाफीत आलेली किंवा कार्नेवर तात्पुरती आणलेली गाडी असेल, तर भाव कितीही खाली आला तरी हात लावू नका.

हिशेब उलटा मांडा

कर्नाटकात २० लाखांवरच्या खाजगी कारला आजीवन कर १८ टक्के, शिवाय करावर उपकर. परराज्यातल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे सवलत मिळते, पण रक्कम लाखातच राहते. आणि कराचा पाया तुम्ही दिलेला भाव नसतो, गाडीची मूळ किंमत असते. जितकी गाडी मूळची महाग, तितका हा फटका मोठा.

समजा, गाडी नवी असताना ७० लाखांची होती. मालक आता ४० मागतोय आणि तुमच्या खिशात सगळं मिळून ४५ आहेत. आरटीओत चौकशी केल्यावर कर ८ लाख निघाला असं धरू. विमा १ लाख, चार टायर दीड लाख, वाहतूक आणि कागदपत्रं ५० हजार. झाले ११ लाख. म्हणजे तुमची शेवटची पायरी ३४, चाळीस नव्हे. सुरुवात ३० च्या आसपास करा.

हा कागद मालकासमोर ठेवायला हरकत नाही. स्पोर्ट्स कारला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे गाडी महिनोनमहिने पडून राहते, हे त्यालाही ठाऊक असतं. शिवाय पडून राहिलेल्या गाडीत भाव उतरवायला जागा सापडते:

• टायरवरचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी टायर बदलायलाच आलेला असतो.
• सर्व्हिसच्या नोंदी अधिकृत वर्कशॉपमधून काढा आणि किलोमीटरशी जुळवा.
• कंपनीनं भारतातली विक्री थांबवली असेल तर पार्टचे भाव आणि वाट बघण्याचे दिवस आधी विचारा. फोर्ड मस्टँग घेणाऱ्यांनी हे आवर्जून करावं.
• गाडीची उंची बघा. चोर्ला घाटात आणि गावातल्या स्पीडब्रेकरवर पोट घासत असेल तर खालचं पॅनेल तपासून घ्या.

कागदांची साखळी

कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. मग विकणाऱ्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर परराज्याची एनओसी. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, आपल्याकडे नवा नंबर घ्यायला फॉर्म २७. ई-चलनं बाकी असतील तर ती आधी मालकानंच भरायची.

‘एमएच पासिंग वर्षभर चालतंय’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. कायद्यातली बारा महिन्यांची मुदत आहे ती गाडी दुसऱ्या राज्यात ठेवल्यावर नवा नंबर घेण्याची. नावबदलाला ती लागू नाही. खरेदीदारानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस. त्या मुदतीत अर्ज केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही त्याच्याबरोबरच जातो, तो विम्याच्या हिशेबात धरू नका.

पैसे देताना

एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. बँकेतूनच द्या, म्हणजे तुमच्याकडेही पुरावा राहतो. जीएसटी डीलरच्या नफ्यावर १८ टक्के लागतो, दोन खाजगी माणसांच्या व्यवहारात लागत नाही. डीलरनं पूर्ण किमतीवर जीएसटी सांगितला तर हिशेब मागा.

टोकन देताना साध्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: एनओसी ठरल्या तारखेपर्यंत मिळाली नाही तर टोकन परत, आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला परतावा मिळाला तर तो कोणाचा, आणि ताबा देईपर्यंतची चलनं, अपघात मालकाच्या माथी. परताव्याचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. महागड्या गाडीत ती रक्कम टायरचा खर्च भरून काढू शकते.

इंदूर, बडोदा किंवा हैदराबादच्या वाचकांना कराचे दर वेगळे लागतील, रीत हीच. आधी आपल्या आरटीओतून कराचा आकडा काढा, मगच मालकाला फोन करा.