दोन दाढ्या आणि एक खोकला

जगातल्या बहुतेक घराण्यांचा इतिहास तलवारीनं लिहिला गेला, काहींचा तागडीनं. पण एका घराण्याचा इतिहास चक्क खोकल्यानं लिहिला गेला आहे. त्याला बखरकार मिळू नये ही दुःखाची गोष्ट, आणि ते काम बँकेतल्या कारकुनाकडे यावं ही त्याहून दुःखाची. पण माझाही थोडा अधिकार आहे. कौंटरमागं वीस वर्षं काढली की माणसाला खोटी सही आणि खोटा खोकला या दोन गोष्टी लांबून ओळखता येतात. या इतिहासात सही आहे, खोकला आहे आणि खोटेपणा तर भरपूर आहे.

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी पकिप्सी नावाचं गाव आहे. हे नाव इंग्रजीत लिहायला बारा अक्षरं लागतात आणि उच्चारताना त्यातली निम्मी गिळावी लागतात. गावातल्या माणसांच्या घशावर पिढ्यान् पिढ्या एवढा ताण पडत असताना घशाच्या गोळीचा धंदा तिथंच फोफावावा, हे ओघानंच आलं.

१८४७ साली जेम्स स्मिथ नावाचे गृहस्थ कॅनडातल्या क्विबेकहून बायकामुलांसह या गावी आले. पेशानं सुतार. पण गावात आल्यावर त्यांनी काढलं खाण्यापिण्याचं हॉटेल. आता रंध्याचा हात झाऱ्याला कसा चालला, हे विचारू नये. पोट भरायला निघालेला माणूस दुसऱ्यांची पोटं भरायला लागतो, हा हॉटेलधंद्याचा जगभरचा इतिहास आहे.

पुढची कथा अशी सांगतात की, एका फिरत्या विक्रेत्याकडून जेम्सरावांना खोकल्यावरच्या गोळीची कृती मिळाली. आपल्याकडे अशी कृती हिमालयातल्या साधूकडून मिळते. अमेरिकेत साधूंची टंचाई असल्यामुळं विक्रेत्यावर भागवावं लागलं. जेम्सरावांनी हॉटेलच्याच चुलीवर साखर उकळली, कृतीबरहुकूम मसाला घातला आणि गोळ्या पाडल्या. हडसनकाठचा हिवाळा हाडं फोडणारा. गिऱ्हाईक आत यायचं तेच खोकत. त्यामुळं गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. १८५२ साली गावच्या वर्तमानपत्रात या गोळीची पहिली जाहिरातही झळकली.

जेम्सरावांचे दोन चिरंजीव, विल्यम आणि अँड्र्यू, रस्त्यावर उभे राहून या गोळ्या विकत. १८६६ साली वडील वारले आणि धंदा दोघा भावांकडे आला. नाव पडलं ‘स्मिथ ब्रदर्स’. वडिलांच्या मागं दोन भाऊ एका धंद्यात नांदले, कोर्टात गेले नाहीत, एवढ्यावरूनच ही गोळी घशाला मऊ ठेवत असणार, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मात्र बाहेरचे लोक नांदू देईनात. त्या काळी गोळ्या सुट्या विकल्या जात. दुकानाच्या फळीवर काचेची बरणी. दुकानदार हात घालणार आणि मोजून देणार. बरणीत गेलेल्या गोळीला ना नाव ना गाव. गोळी खपते म्हटल्यावर नकला निघाल्या. आणि स्मिथ हे आडनाव तिकडं आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांसारखं. दगड मारला तर स्मिथला लागतो. त्यामुळं दुसरे स्मिथ ब्रदर्स निघाले, ‘श्मिट ब्रदर्स’ निघाले, इतकंच काय, ‘स्मिथ सिस्टर्स’सुद्धा निघाल्या. आता या भगिनींची आणि बंधूंची आई वेगळी होती, हे गिऱ्हाइकाला बरणीत बघून कसं कळावं?

तेव्हा दोघा भावांनी जे केलं, ते बँकवाल्याला लगेच पटावं असं होतं. नाव कुणालाही चोरता येतं, सही कुणालाही गिरवता येते. मग तोंडच दाखवावं! दोघांनाही भरघोस दाढ्या होत्या. त्या दाढ्यांसकट त्यांनी आपले चेहरे दुकानातल्या बरण्यांवर लावले. आणि १८७२ साली कारखान्यातच भरलेल्या छोट्या खोक्यांतून गोळ्या द्यायला सुरुवात केली. खोक्यावर दोन चेहरे आणि खाली ‘ट्रेड मार्क’ हे शब्द. जागेच्या सोयीसाठी ‘ट्रेड’ विल्यमच्या खाली पडला आणि ‘मार्क’ अँड्र्यूच्या. झालं! अमेरिकेतली पोरंबाळं आणि थोरली मंडळीही समजून चालली की या दोघांची नावंच ट्रेड आणि मार्क. सख्ख्या आईनं ठेवलेली नावं एका छापखान्यानं पुसून टाकली.

कायद्याचा आधार केवढा होता? अमेरिकेत व्यापारचिन्हांचा पहिला केंद्रीय कायदा आला १८७० साली, आणि १८७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो घटनेत बसत नाही म्हणून उडवून लावला. कायदा नऊ वर्षांत गेला. दाढ्या मात्र टिकल्या.

स्वभावानं दोघे दोन टोकं. ‘ट्रेड’ ऊर्फ विल्यम कडक शिस्तीचा आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. ‘मार्क’ ऊर्फ अँड्र्यू मनानं मऊ. कुणीही हात पसरावा आणि यानं खिशात हात घालावा. इंग्रजीत सहज गळाला लागणाऱ्या माणसाला ‘ईझी मार्क’ म्हणतात. गावानं त्याला तेच नाव ठेवलं. आमच्याकडं असा माणूस शाखाधिकारी म्हणून आला, तर कर्ज मागणाऱ्यांची रांग स्टेशनपर्यंत जाईल आणि चौकशी समिती त्याच रांगेतून वाट काढत येईल.

आता गोळीनं खोकला जातो का? खरं सांगायचं तर गोळी म्हणजे चांगली तापवून काचेसारखी गोठवलेली साखर. ती चघळली की तोंडाला लाळ सुटते, घसा ओला राहतो, खवखव थांबते. आणि मेंथॉल असेल तर ते थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. होत नाही, वाटतं. बाकी खोकला आपल्या मुदतीनं जातो. मुदत ठेवीसारखा. मधल्या काळातलं व्याज तेवढं गोळीवाल्याला मिळतं.

अँड्र्यू १८९५ साली वारला, विल्यम १९१३ साली. मग विल्यमचा मुलगा आर्थर याच्याकडं कारभार आला. त्यानं १९२२ साली मेंथॉलची गोळी आणली. त्याच्यानंतर त्याच्या मुलांनी कारखाना सांभाळला, आणि १९४८ साली रानचेरीच्या स्वादाची गोळी आली. म्हणजे पणजोबांच्या चुलीपासून ही चौथी पिढी. तीन पिढ्यांत घराणं संपतं म्हणतात. हे एक पिढी जास्त टिकलं. १९६३ साली मात्र कुटुंबानं धंदा विकला. घेणारी कंपनी वॉर्नर-लँबर्ट. या कंपनीनं लगेच पुढच्या वर्षी, १९६४ साली, इंग्लंडातल्या हॉल बंधूंची ‘हॉल्स’ही घेतली. हो, आपल्या ओळखीची तीच. एकाच मालकाच्या घरात दोन भावंडांच्या जोड्या आल्या. आता सवत आणि सख्खी यांत कुणाचं कौतुक होतं, हे जगाला ठाऊक आहे. हॉल्स जगभर फिरली. १९७२ साली पकिप्सीचा कारखाना बंद झाला. १९७७ साली गोळीचं नाव शिकागोच्या एका मिठाई कंपनीकडं गेलं, आणि पुढं आणखी हातांतून फिरलं.

मला या हिशेबात एक नोंद सलते. त्या दोघांनी चेहरे छापले ते एकच सांगायला, की ही गोळी आम्ही केली, खोटी निघाली तर आम्हाला धरा. म्हणजे ते जामीन राहिले होते. आमच्याकडं जामीनदार गेला की दुसरा आणा म्हणतात. इथं जामीनदार जाऊन साठसत्तर वर्षं झाली, चूल विझली, गावातल्या कामगारांनी हिशेब चुकता करून घेतला, आणि तरी शिकागोतल्या अनोळखी हातांनी केलेल्या गोळीला खोक्यावरून तेच दोघे जामीन राहिले. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

पकिप्सीतून ट्रेड गेला. मार्क तेवढा उरला.