शनिवारवाड्याभोवतीची जमीन

शनिवारवाडा आपल्याला नवा नाही. परंतु वाड्याचे रक्षण तटापाशी संपत नाही, भोवतालच्या जमिनीलाही कायदा लागू आहे, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. म्हणून हे चार शब्द.

थोरल्या बाजीरावांनी १७३० साली वाड्याचा पाया घातला व १७३२ साली वास्तुशांत केली. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती तेवढी उरली. १९१९ साली वाडा संरक्षित स्मारक ठरला.

पुढे १९५८ साली प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. २०१० साली हीच अंतरे कायद्यात आली व राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची तरतूद झाली. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम बंद. नियंत्रित क्षेत्रात ते परवानगीने करता येते. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

एवढी बंधने कशाला? तुळशीवृंदावनाला अंगण लागते, तसेच हे आहे. शेजारी खोल पाया खणला की जुन्या भिंतीखालची माती हलते. उंच इमारती उठल्या की तट झाकला जातो. शिवाय जमिनीच्या पोटातही जुने अवशेष असू शकतात.

पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रतिबंधित क्षेत्रात १९९२ पूर्वीच्या घराची परवानगीने दुरुस्ती करता येते, पाडून नव्याने बांधता येत नाही. ज्या घराच्या तुळया वाळवीने खाल्ल्या, भिंतींना टेकू लावले, त्या घरातल्या बाईने पावसाळा कसा काढावा? पेशव्यांचा वाडा जपायचा आणि त्याच्या सावलीतली माणसे उघड्यावर टाकायची, हे योग्य नव्हे. स्मारकागणिक सर्वेक्षण करून वेगळे उपविधी करावेत, असे हाच कायदा सांगतो. तसे उपविधी रहिवाशांचे ऐकून व्हावेत, हे मागणे रास्त आहे.

तोवर आपल्या हाती आहे ते करू या. घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपून ठेवाव्या. घर १९९२ पूर्वीचे असल्याचे दाखवायला त्या उपयोगी पडतात. दुरुस्तीचा अर्ज कौले गळू लागण्याआधी करावा. आणि तटाच्या कडेला केरकचरा टाकू नये. वाडा आपला आहे, तशी त्याभोवतीची जमीनही आपलीच आहे.