उलटा तिरंगा : नवशिक्यांच्या प्रोग्रॅममधील चुकांचा इतिहास

जानेवारी २००४ मधली गोष्ट. जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातील एका शाळेत आम्ही अकरावीच्या मुलांना संगणक शिकवत होतो. भारनियमनाच्या वेळा सांभाळून दिवसाकाठी दीडेक तास संगणक हाती लागत. प्रजासत्ताक दिन जवळ आला होता, म्हणून मुलांना एक काम दिले : 'टर्बो सी' वापरून पडद्यावर तिरंगा काढा. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, पांढऱ्या पट्ट्यावर निळे चक्र, चक्राला २४ आरे. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२. टर्बो सीच्या सोळा रंगांत केशरी नव्हता, तेव्हा फिकट तांबड्यावर भागवायचे ठरले.

एका विद्यार्थिनीने प्रोग्रॅम चालवला, आणि हिरवा पट्टा वर व तांबडा खाली आला. मुले हसली. आम्ही रागावलो. "झेंडा कसा असतो एवढे तरी ध्यानात ठेवावे," असे चारचौघांत बोलून गेलो. ती गप्प राहिली. वर्ग सुटल्यावर मात्र तिने आपला आलेख-कागद आमच्यापुढे ठेवला. "सर, मी तर असा काढला होता." कागदावरचा झेंडा अगदी बरोबर होता. त्याच कागदावरचे आकडे तिने जसेच्या तसे प्रोग्रॅममध्ये घातले होते.

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. त्या आठवड्यात बिघडलेल्या तिरंग्यांचे पाच नमुने वर्गात जमा झाले. एकेका बिघाडाचा माग काढत गेलो, तेव्हा लक्षात आले की बहुतेक वेळा मुलाने शाळेत शिकलेलेच वापरलेले असते. पण कोणीतरी, कुठेतरी, पूर्वी कधीतरी घेतलेला एखादा निर्णय यंत्रात दडून बसलेला असतो आणि तो मुलाला कोणी सांगितलेला नसतो. त्या पाच बिघाडांचा हा इतिहास.

१. काल चालला, आज का चालत नाही?

पहिली तक्रार अशी, की चित्रच उमटत नाही. 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' असा संदेश येतो आणि काम थांबते. गंमत म्हणजे तोच प्रोग्रॅम शेजारच्या संगणकावर चालतो.

आयबीएमचा पीसी १९८१ साली आला, तेव्हा त्याच्या चित्रकार्डाचे नाव सीजीए होते. १९८२ मध्ये हर्क्युलीस, १९८४ मध्ये ईजीए आणि १९८७ मध्ये व्हीजीए ही कार्डे आली. प्रत्येकाची ठिपके उमटवण्याची रीत वेगळी. टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँड कंपनीने यावर तोड काढली. प्रत्येक प्रकारच्या कार्डासाठी एक स्वतंत्र फाइल ठेवायची आणि प्रोग्रॅम सुरू होताना योग्य ती फाइल उचलायची. ती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे सांगण्याचे काम मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर आले. सांगितलेल्या जागी फाइल मिळाली नाही, तर यंत्र चालू फोल्डरमध्ये शोधते. शेजारच्या संगणकावर ती फाइल योगायोगाने तिथेच पडलेली असते, म्हणून तिथे काम होते.

मुलांनी पत्ता बरोबर लिहिला, तरी अडचण संपत नाही. डॉसच्या १९८१ सालच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आले. युनिक्समध्ये फोल्डरांच्या नावांमध्ये उजवीकडे कललेली रेघ (/) घालत. पण डॉसमध्ये त्या रेघेला आधीच दुसरे काम दिलेले होते. म्हणून डावीकडे कललेली रेघ (\) घेतली गेली. इकडे १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी भाषेत हीच रेघ विशेष खुणेसाठी राखलेली. तिच्यापुढे लहान लिपीतला 'टी' आला, की सी भाषा 'टॅब' समजते. 'बी' आला, की 'एक घर मागे' समजते. फोल्डरांची नावे 'टीसी' आणि 'बीजीआय' अशी. साहजिकच सगळा पत्ता बिघडतो. उपाय एवढाच, की ती रेघ दोनदा लिहायची. दोन घरांच्या दोन चालीरीती आणि त्यांच्या कात्रीत सापडलेले मूल, असा हा प्रकार आहे.

२. झेंडा उलटा का झाला?

आता त्या विद्यार्थिनीच्या आलेख-कागदाकडे वळू. तिने ४५० लांब व ३०० रुंद झेंडा घेतला होता. हिरवा पट्टा १०० ते २००, पांढरा २०० ते ३००, केशरी ३०० ते ४००. आपण आलेख शिकवताना आरंभबिंदूपासून वर जावे तसा य-निर्देशक वाढतो, असे सांगतो. त्या हिशेबाने केशरी पट्टा सर्वांत वर यायला हवा.

पण टर्बो सीच्या पडद्यावर आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि य खाली जाताना वाढतो. याचे मूळ दूरचित्रवाणीत आहे. काचेच्या नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत वरच्या ओळीपासून सुरुवात करी, डावीकडून उजवीकडे जाई आणि एकेक ओळ खाली उतरत पडदा पुरा करी. मग संगणकाच्या स्मृतीतील पहिली जागा पहिल्या ओळीतल्या पहिल्या ठिपक्याला देणे सोयीचे झाले. काचेच्या नळ्या गेल्या, सपाट पडदे आले. पण क्रम तोच राहिला.

यात आणखी एक ऐतिहासिक मौज आहे. आपल्या देशात शाळांमध्ये संगणक नेण्याचा 'क्लास' नावाचा प्रकल्प १९८४ साली सुरू झाला. प्रारंभी २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' संगणक देण्यात आला. त्या संगणकाच्या बेसिक भाषेत आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात होता आणि य वर जाताना वाढत असे, अगदी आपल्या आलेख-कागदाप्रमाणे! म्हणजे आमच्या विद्यार्थिनीने तेच आकडे त्या यंत्राला दिले असते, तर झेंडा सरळ उभा राहिला असता. मग चूक कोणाची म्हणायची?

दुसऱ्या दिवशी आम्ही हा खुलासा त्याच वर्गात, त्याच मुलांपुढे केला आणि आदल्या दिवशी रागावण्यात आमची चूक झाली, हेही सांगितले. पडद्यावर ० ते ४७९ अशा ४८० ओळी होत्या. तिने प्रत्येक य-च्या जागी '४७९ वजा य' घातले. केशरी पट्टा ७९ ते १७९ या ओळींवर गेला आणि झेंडा सुलटा झाला.

३. चक्राबाहेर डोकावणारे आरे

एका मुलाने जुन्या पुस्तकावरून ६४० × ३५० ठिपक्यांची पद्धत उतरवून घेतली होती. त्याचे चक्र गोल आले. पण आरे वरच्या आणि खालच्या बाजूला परिघाबाहेर डोकावू लागले. डाव्या-उजव्या बाजूला मात्र ते नेमके परिघापर्यंत पोचत होते.

त्या काळचे पडदे ४:३ प्रमाणाचे असत. ६४० × ४८० चे प्रमाणही ४:३ आहे, म्हणून व्हीजीएच्या त्या पद्धतीत ठिपका चौरस असतो. ईजीएचे ६४० × ३५० ठिपके त्याच पडद्यावर पसरले, की प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा सुमारे १.३७ पट उंच होतो. वर्तुळ काढणाऱ्या तयार आज्ञेला हे ठाऊक असते. त्रिज्या ४० दिली, तर ती आडवे ४० ठिपके मोजते आणि उभे सुमारे २९ च घेते. मुलाने स्वतः साइन-कोसाइन वापरून काढलेल्या आऱ्यांना ही सवलत नव्हती. त्याने उभेही ४० ठिपके मोजले. ११ ठिपके बाहेर आले. त्याचे त्रिकोणमितीचे गणित बरोबर होते. चुकला होता तो दोन्ही दिशांना माप सारखेच असते हा समज.

पुढे रुंद पडदे आले आणि हाच दोष उलट्या बाजूने परतला. ६४० × ४८० चे चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणून बसवले, की सगळी वर्तुळे आडवी १.३३ पट पसरतात. तिथे तयार आज्ञाही वाचवू शकत नाही, कारण ताणण्याचे काम तिच्यानंतर होते.

४. आरे चोवीसच, पण विस्कटलेले

२४ आरे म्हणजे दोन आऱ्यांत १५ अंश. एकाने १५, ३०, ४५ असे कोन साइन आणि कोसाइनला दिले. आरे मोजले तर चोवीसच; पण काही एकमेकांना चिकटलेले, काही दूर. तो बिचारा १५ ची उजळणी पुन्हा पुन्हा तपासत राहिला.

सी भाषेतील साइन अंश ओळखत नाही, तिला रेडियन लागतात. १५ रेडियन म्हणजे सुमारे ८५९.४४ अंश, दोन फेरे वजा जाता १३९.४४ अंश उरतात. प्रत्येक आरा मागच्याच्या पुढे इतका उडी मारत गेला. आम्ही वहीवर गणित केले : सहा जागी अंतर सुमारे १० अंश, अकरा जागी सुमारे १३ आणि सात जागी सुमारे २३ अंश. बेरीज ३६० भरते. विस्कटलेले चक्रही आपल्या नियमाने विस्कटले होते.

'रेडियन' हा शब्द छापील स्वरूपात प्रथम १८७३ साली बेलफास्टच्या जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत दिसतो. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात परिघाच्या २१,६०० कला धरून त्रिज्या ३,४३८ कला येते. लांबी आणि कोन एकाच मापाने मोजायचे, ही ती युक्ती. ३,४३८ कला म्हणजे ५७.३ अंश, अर्थात एक रेडियनच! साइनची किंमत काढायची श्रेणी याच मापात सुटसुटीत राहते, म्हणून संगणकाच्या भाषांनी ते स्वीकारले. मुलाने कोनाला ३.१४१५९ ने गुणून १८० ने भागले आणि चक्र जाग्यावर आले.

५. 'तिरंगा' हा शब्द कुठे गेला?

शेवटी मुलांना चित्राखाली मराठीत 'तिरंगा' लिहायचे होते. काही जमेना. कारण टर्बो सी अक्षरांना अमेरिकेच्या १९६३ सालच्या ॲस्की संकेताच्या वाटेने ओळखते. त्यात १२८ खुणा, आणि देवनागरीला जागा नाही.

पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्डाद्वारे पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या. १९९१ साली 'इस्की' हा भारतीय मानक संकेत ठरला. पण बाजारात आलेल्या अनेक फाँटांनी आपापले संकेत वापरले, म्हणून एका संगणकावरचे पत्र दुसऱ्यावर अगम्य होई. शाळेच्या कचेरीत हा अनुभव कोणी घेतला नसेल? १९९१ च्याच युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतली गेली, आणि पुढे हा गोंधळ बराच कमी झाला.

तरी एक पेच उरतोच. 'तिरंगा' या शब्दात मूल तीन अक्षरे मोजते. युनिकोडमध्ये त, इकार, र, अनुस्वार, ग, काना अशा सहा खुणा होतात, आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवल्यास अठरा बाइट. शब्दाची लांबी विचारल्यावर 'अठरा' असे उत्तर आले, तर विद्यार्थ्याला वेड्यात काढू नये. अक्षर म्हणजे काय, याचे यंत्राचे आणि बाराखडीचे उत्तर वेगळे आहे.

आता काय करावे?

टर्बो सी मागे पडले, पण हे प्रश्न गेलेले नाहीत. २००७ साली आलेल्या स्क्रॅचमध्ये आरंभबिंदू पडद्याच्या मध्यावर असतो, य वर वाढतो, कोन अंशांत असतो. तेच मूल पुढे पायथनमध्ये खिडकी उघडून चित्र काढू लागले, की य बहुधा खाली वाढतो आणि साइनला रेडियन लागतात. यत्ता बदलली की गाव बदलावे, तसे.

म्हणून शिक्षक मित्रांना आमची एक सूचना आहे. चुकलेला प्रोग्रॅम समोर आला, की 'तू काय चुकलास?' असे न विचारता तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. तुला काय अपेक्षित होते? यंत्राने काय केले? तू दिलेल्या आकड्यांचा यंत्राने कोणता अर्थ घेतला असेल? पहिल्या दोन उत्तरांतला फरक मुलाने कागदावर लिहावा. तिसरे उत्तर शोधायला शिक्षकांनी सोबत बसावे. ते आपल्यालाही ठाऊक नसेल, तर तसे सांगावे.

वर्गात करून पाहण्यासाठी : आलेख-कागदावर तिरंगा काढून त्याचे आकडे लिहून घ्या. अर्ध्या वर्गाला आरंभबिंदू खाली धरून आणि उरलेल्यांना वर धरून तेच आकडे नव्या कागदावर उतरवायला सांगा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. संगणक नसला आणि वीज गेलेली असली, तरी हा प्रयोग होतो. आम्ही तो दरवर्षी पहिल्या तासाला करतो, झेंडा उलटा येण्याची वाट न पाहता.