द चिकन सिस्टर्स

द चिकन सिस्टर्स ही अमेरिकन लेखिका के. जे. डेल अँटोनिया यांची हलकीफुलकी कौटुंबिक कादंबरी आहे. ती १ डिसेंबर २०२० रोजी जी. पी. पटनम्स सन्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. अभिनेत्री रीस विदरस्पून यांच्या वाचक मंडळाने त्याच महिन्यासाठी तिची निवड केली आणि ती 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत गेली. लेखिकेची ही पहिली कादंबरी होय. त्यापूर्वी त्या 'न्यू यॉर्क टाइम्स'मधील 'मदरलोड' या पालकत्वविषयक सदराच्या संपादिका होत्या.

कथानक

कॅन्सस राज्यातील मेरिनॅक या काल्पनिक गावात 'चिकन मिमीज' आणि 'चिकन फ्रॅनीज' अशी तळलेल्या कोंबडीसाठी प्रसिद्ध असलेली दोन उपाहारगृहे आहेत. शंभर वर्षांपूर्वी मिमी आणि फ्रॅनी या दोघी बहिणींनी ती सुरू केली. आता मिमीज मूर घराण्याकडे व फ्रॅनीज पोगोचिएलो घराण्याकडे असून दोहोंमधील वैर पिढीजात झाले आहे.

पस्तीस वर्षांची अमांडा मूर मिमीजमध्ये आईच्या हाताखाली लहानाची मोठी झाली. पुढे तिने फ्रँक पोगोचिएलोशी विवाह केला आणि ती फ्रॅनीजमध्ये काम करू लागली. फ्रँकच्या निधनानंतरही ती सासू नॅन्सीबरोबर तेथेच राबते आहे. मराठी वाचकाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. माहेर आणि सासर एकाच गावात, दोघांचा धंदा एकच, आणि गल्ला मात्र वेगळा. या ओढाताणीला कंटाळून अमांडा 'फूड वॉर्स' या दूरचित्रवाणी स्पर्धेला पत्र पाठवते. विजेत्यास एक लाख डॉलरचे पारितोषिक आहे.

तिची बहीण मे ब्रुकलिनमध्ये राहते. लोकांची घरे नीटनेटकी कशी ठेवावीत हे शिकवणे हा तिचा व्यवसाय. तो कोसळू लागताच मिमीजला सावरण्याच्या निमित्ताने ती गावी परतते. तिची आई बार्बरा हिला मात्र कोणतीही वस्तू टाकवत नाही. घर अडगळीने गच्च भरलेले आहे. नीटनेटकेपणाची शिकवण देणारी मुलगी आणि साठवणीत बुडालेली आई हा विरोध कादंबरीतील विनोदाचा मोठा भाग आहे, आणि दुःखाचाही. कॅमेऱ्यासमोर घराण्यांची गुपिते उघडी पडू लागतात तेव्हा भांडायचे की वारसा राखायचा, हा प्रश्न दोघी बहिणींपुढे उभा राहतो.

वास्तवातील आधार

कादंबरीमागे कॅन्ससच्या आग्नेय कोपऱ्यातील क्रॉफर्ड काउंटीचा खरा इतिहास आहे. हा कोळसा खाणींचा प्रदेश. अ‍ॅनी पिचलर यांच्या पतीने खाणीतील अपघातात पाय गमावला, तेव्हा त्यांनी १९३४ मध्ये घरीच जेवण विकण्यास आरंभ केला. तेच पुढे 'चिकन अ‍ॅनीज' झाले. मेरी झर्नगास्ट यांचे पतीही प्रकृतीमुळे खाणीत काम करू शकेनात, म्हणून १९४० च्या दशकाच्या आरंभी जवळच 'चिकन मेरीज' उभे राहिले. पुढे या दोन घराण्यांत सोयरीकही झाली. अमेरिकेतील ट्रॅव्हल चॅनेलवर 'फूड वॉर्स' याच नावाची मालिका होती आणि २०१० मध्ये तिने या दोन उपाहारगृहांची लढत दाखविली होती. कादंबरीतील वैर बहिणींचे आहे. अ‍ॅनी आणि मेरी मात्र बहिणी नव्हत्या.

मराठी संदर्भात

घरातील कमावता हात थांबला की चूल हीच मिळकत करायची, हे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात खोलीत खानावळ चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांचा मोठा वर्ग होता. सावकारी कर्जातून त्यांना सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. कॅन्ससच्या खाणकामगारांच्या स्त्रियांची कथा वाचताना ही आठवण अपरिहार्य ठरते. उपाहारगृहांमधील चुरसही परकी नाही. नाशिकमध्ये मिसळ कोठली चांगली, यावर पंचवटीतील एका घरातही एकमत होणे कठीण, आणि 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी तर मराठी दुकानदारीची ओळखच आहे. वाटणीत दुकान विभागता येते. हाताची चव आणि घराण्याचे नाव विभागताना भांडण होते. लेखिकेने हे मर्म अचूक पकडले आहे.

कादंबरीची बलस्थाने संवाद आणि स्वयंपाकघरातील लगबग ही आहेत. दोघी बहिणींच्या दृष्टिकोनांतून आळीपाळीने कथा सांगितल्यामुळे कोणतीही एक बाजू खलनायकी ठरत नाही. सासू नॅन्सी ही कठोर सासूच्या साच्यात न बसणारी व्यक्तिरेखा विशेष लक्षात राहते. दूरचित्रवाणी स्पर्धेचा भाग तुलनेने ओळखीच्या वळणांनी जातो.

रूपांतर

हॉलमार्क या अमेरिकन वाहिनीसमूहाने कादंबरीवर आधारित याच नावाची मालिका सप्टेंबर २०२४ मध्ये प्रदर्शित केली. शायलर फिस्क, जेनेव्हीव्ह अँजेलसन, ली थॉम्प्सन आणि वेंडी मॅलिक यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.